शेजारच्या वर्गातला आवाज

"थांबा. उत्तर नको. आधी प्रश्न पुन्हा एकदा आपल्या मनाशी म्हणा."

पार्टिशनच्या पलीकडून हे वाक्य आलं तेव्हा सरोजिनी आठवीच्या फळ्यावर तारीख लिहीत होती. खडू तिथेच थांबला. वाक्य तिचं होतं. शब्द तिचे, त्यांचा क्रम तिचा, 'उत्तर नको'नंतरचा तो लहानसा श्वासही तिचाच. आवाज तेवढा पुरुषाचा होता, जरा खरखरीत, अजून वर्गाला न सरावलेला. मग पलीकडे शांतता झाली, आणि तीही तिच्या ओळखीची होती. मुलं मनाशी पुटपुटतात, ओठ हलतात, आवाज येत नाही. अशी शांतता आपोआप होत नाही, ती वर्गाकडून हळूहळू मिळवावी लागते. आपण इथे खडू धरून उभ्या आहोत आणि तिकडेही आपणच आहोत, आणि तिकडच्या आपल्याला इकडची काही खबर नाही, असं तिला क्षणभर वाटलं. बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, तारीख अर्धीच?" तिने ती पुरी केली आणि वर्गाकडे वळली, पण त्या तासाला आपण काय शिकवलं हे तिला नंतर आठवेना.

लालबागची ती शाळा एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरत असे. मोठ्या दालनात लाकडी फळ्या ठोकून दोन वर्ग केलेले होते. एका बाजूला आठवी, दुसऱ्या बाजूला सहावी. फळ्यांना रंग होता, पण सांधे उघडे पडले होते, आणि गिरणीचा भोंगा झाला की त्या सगळ्या मिळून किंचित थरथरत. जूनमध्ये हेडसरांनी तिला बोलावून घेतलं होतं. बाबुराव खानविलकर हे माणूस म्हणून चांगलेच होते. अंगात खादीचा कोट, खिशाला संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला; मराठी माणसाचा आवाज दिल्लीपर्यंत गेला पाहिजे, असं ते प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगत तेव्हा त्यांचा स्वतःचा आवाज भरून येई. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पंखा तिच्याकडे वळवला.

"ट्रेनिंग कॉलेजातून एक उमेदवार येतोय. सीताराम गमरे. वर्षभर आपल्याकडे पाठ घेणार. विषय गणित. आता गणिताच्या आपल्याकडे तुम्हीच."

"हो."

"पण सरोजिनीबाई, तो पुरुषमाणूस. बाईने समोर बसून तुमचं हे चुकलं, ते चुकलं म्हणायचं, त्याला ते लागेल. आणि तुम्हालाही अवघडच. त्यातून तो काळाचौकीचा, आता त्यांच्या लोकांनी धर्म बदललाय, वातावरण नाजूक आहे. तुम्ही दोघं एका टेबलाशी बसलेली दिसलात तर बोलणारे बोलतात." त्यांनी हात जोडल्यासारखे केले. "तुम्ही असं करा, आपल्या वर्गातूनच ऐका. पार्टिशन आहेच. काय सुधारायचं ते मला सांगा. मी त्याला सांगीन."

ती बरं म्हणाली. बाहेर जिन्यात आल्यावर आपण इतक्या लवकर बरं का म्हटलं याचं तिला आश्चर्य वाटलं, आणि मग वाटलं नाही. दाराआडून ऐकणं तिला जन्मापासून येत होतं. गिरगावात मुगभाटातल्या घरी, ती अकरा-बारा वर्षांची असताना, तिच्या थोरल्या भावाला, मनमोहनला, शिकवायला मास्तर येत. बैठकीच्या खोलीत गालिच्यावर दोघं बसत आणि ती आतल्या खोलीच्या दाराला टेकून उभी असे. कुणी तिला हाकलत नव्हतं. ती तिथे आहे हे कुणाच्या गावीच नव्हतं. मनमोहनचं गणित कच्चं होतं. मास्तरांनी प्रश्न घातला की तो दाराकडे बघे आणि ती ओठ हलवून उत्तर सांगे. तो ते मोठ्याने म्हणे. मास्तर "शाबास" म्हणत, आणि ती शाबासकी दारातून आत येताना थोडी कमी होत येई, पण येई. पुढे पुढे तिला उत्तरापेक्षा त्याच्या तोंडून ते ऐकायचीच गोडी लागली. आपण विचार केला की दुसऱ्याचा गळा वाजतो, यात एक गुप्त सुख होतं. मग मनमोहनला टायफॉईड झाला. घरात बर्फाच्या पिशव्या आल्या, डॉक्टर आले, आणि एका दुपारी सगळं एकदम थांबलं. सुतक फिटल्यावर मास्तर भेटायला आले. जाताना त्यांनी दबकत विचारलं, "मग आता मी...?" तिचे वडील, कमलाकांत, सेक्रेटरिएटमधले मितभाषी गृहस्थ, त्यांनी मास्तरांना दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाले, "आता घरात शिकणारं कोणी राहिलं नाही." ती दाराला टेकूनच उभी होती. पुढे शाळा झाली, कॉलेज झालं, लग्न होत नाही म्हणून नोकरीही झाली. वडिलांनी कशालाच कधी नाही म्हटलं नाही. पण ते वाक्य तिच्या मागोमाग येत राहिलं. ट्राममध्ये, परीक्षेच्या हॉलमध्ये, पहिल्या पगाराच्या दिवशी. घरात शिकणारं कोणी राहिलं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये ती हेडसरांना सांगत राहिली. गमरे फार भरभर बोलतात. गमरे पहिलं बरोबर उत्तर मिळालं की पुढे जातात, बाकीचा वर्ग मागे राहतो. प्रश्न विचारल्यावर थांबायला सांगा, मुलांना तो मनाशी पुन्हा म्हणू द्या. हेडसर मान डोलवत. कधी तिचा निरोप वाटेत बदलून जाई. 'मुलांकडे पाठ करून बोलू नका' याचं 'वर्गावर जरब ठेवा' झालं आणि दोन दिवस पलीकडून नुसता दरडावण्याचा आवाज येत राहिला. पण बरेचसे शब्द जसेच्या तसे पोचत. आणि त्या सकाळी ते जसेच्या तसे परत आले तेव्हा तिला मनमोहनचा गळा आठवला, आणि तो आठवू नये असं तिला फार वाटलं. त्या संध्याकाळी लालबागच्या नाक्यावर मोर्चाचे फलक गुंडाळून ठेवणारे कार्यकर्ते काहीतरी मोठमोठ्याने बोलत होते. ट्रामची वाट बघत ती त्यांच्या तोंडांकडे बघत राहिली. कुणाचे शब्द कुणाच्या तोंडात आहेत, हे तिला ओळखू येईना.

त्यानंतर एक गोष्ट घडली, जी तिने ठरवून केली नव्हती. पलीकडे अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. अर्ध्याला पावाने भागलं तर उत्तर दोन. गमरे पुन्हा पुन्हा रीत सांगत होता, अपूर्णांक उलटा करा आणि गुणा, आणि मुलं हिरमुसली होती, कारण भागल्यावर संख्या वाढते कशी हे त्यांना पटत नव्हतं. सरोजिनीने आपल्या आठवीला पुस्तकं मिटायला सांगितली. "मागचं जरा ताजं करू," ती म्हणाली, आणि नेहमीपेक्षा मोठ्या, सावकाश आवाजात, पार्टिशनच्या बाजूला उभी राहून तिने विचारलं, अर्ध्या भाकरीत पाव भाकरीचे तुकडे किती? आठवीची मुलं हसली, हे फारच सोपं होतं. पलीकडे खडूचा आवाज बंद झाला. गमरे ऐकत होता. तिला ते कळलं, जसं दाराआड कुणी उभं असलं की कळतं. दुसऱ्या दिवशी पलीकडून त्याचा आवाज आला, "अर्ध्या पाळीत पाव पाळी किती वेळा बसते? तुमचे वडील अर्धी पाळी भरून आले, तर..." आणि सहावी एकदम जागी झाली. गिरणीतल्या लोकांच्या त्या मुलांना भाकरीपेक्षा पाळी जवळची होती. हे तिला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. त्या तासाला तिने आपल्या वर्गातही पाळीचंच उदाहरण घातलं, आणि ते घालताना पार्टिशनकडे बघितलं.

मग ते रोजचंच झालं. ती एखादी गोष्ट अर्धवट सोडायची आणि तो दुसऱ्या दिवशी ती पुरी करायचा. तो अडला की ती आपल्या वर्गाला उगाच मागच्या धड्यात न्यायची. जिन्यात समोरासमोर आली तर तो बाजूला सरून भिंतीला लागून उभा राही, मान खाली घालून "बाई" एवढंच म्हणे, आणि ती पदर सावरून वर जाई. तो काळा, काटक, सत्ताविशीचा होता, शर्ट घरी धुतलेला आणि निखाऱ्यांचा लोटा फिरवून इस्त्री केलेला. पिशवीत स्वतःचा पेला घेऊन येई. शिक्षकांच्या खोलीतल्या माठाशी त्याला जाऊ नको असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि जा असंही नाही. शिवणाच्या कमलाबाई एकदा म्हणाल्या, "अलीकडे तुमचा आवाज फार वाढलाय हो सरोजिनीबाई, खाली माझ्या वर्गात ऐकू येतो." ती नुसतीच हसली. घरी वडील आरामखुर्चीत पेपर धरून बसलेले असत, आणि ती स्वयंपाकघरात भाजी चिरताना एखादा प्रश्न कसा मांडावा याचा विचार करी, आणि उत्तर एका पुरुषाच्या आवाजात येई. तो आवाज गमऱ्याचा आहे की मनमोहनचा, हे ठरवायला ती घाबरे. मनमोहन असता तर आता चाळिशीकडे झुकला असता. त्याला कदाचित गणित कधीच आलं नसतं. पण तिच्या डोक्यात तो चौदाचाच होता आणि दाराकडे बघत होता.

नोव्हेंबरच्या अखेरीला हेडसर समितीच्या लोकांबरोबर प्रतापगडच्या निदर्शनांना गेले. तिकडून ते थंडी आणि ताप घेऊन परतले आणि पुढचे पंधरा-वीस दिवस घरीच राहिले. निरोप न्यायला कुणी उरलं नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत गमरे तिच्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"बाई, परवा तुम्ही त्रैराशिक मध्येच सोडलंत. ते माझ्यासाठी होतं का?"

तिच्या हातात डबा होता. तिने तो बाजूला ठेवला. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्यापासून. हेडसर म्हणाले, प्रश्न मनाशी म्हणू द्या. नंतर तेच तुम्ही तुमच्या वर्गात म्हणालात. हेडसर इतिहास शिकवतात, बाई. त्यांना काय ठाऊक."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. आणि मग शाळेने तुम्हाला वेगळं बोलावून विचारलं असतं, मला वेगळं. तुम्हाला एकच विचारलं असतं. मला पुष्कळ काय काय विचारलं असतं." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "माझी आई म्हणते, शिकवणारं माणूस समोर असलं की पायाला हात लावावा. इथं कुठं लावू? पार्टिशनला?"

तिला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत काहीतरी आलं. तिने ते त्याला दिसू दिलं नाही. ती म्हणाली, "उद्या मी तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसेन. माझा तास रिकामा आहे."

ते दिवस तिच्या आयुष्यात निराळेच होते, मोकळ्या उजेडाचे. ती सहावीच्या मागच्या बाकावर बसे. पोरांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली. तास संपून मुलं बाहेर गेली की वर्गाचं दार सताड उघडं ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, ती त्याला काय चुकलं ते सांगे. तुम्ही हुशार मुलाकडेच बघता. तुम्ही फळा पुसता आणि मुलांचा विचारही पुसून टाकता. त्याला लागे. कानाच्या पाळ्या तांबूस होत. एकदा तो म्हणाला, "हे पटलं नाही," आणि दोघांनी पुष्कळ वाद घातला, आणि त्याचंच बरोबर निघालं. तिने तसं सांगितलं. कुणी आपल्याशी वाद घातला याचा तिला इतका आनंद झाला की परळपर्यंत ती चालतच गेली. हे तिला कुणी कधी दिलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या ट्रेनिंगच्या वर्षी पाठ बघायला येणारे प्राध्यापक पुरुष उमेदवारांना बरोबर घेऊन इराण्याकडे चहाला जात, टेबलावर मीठ-मिरपूडच्या बाटल्या मांडून वर्ग कसा हाकायचा ते दाखवत. मुलींच्या वाट्याला दारातूनच एक शब्द येई, छान. वर्षभर तिने ते छान गोळा केलं होतं आणि त्यातून तिला काहीच कळलं नव्हतं. आता मागच्या बाकावर बसून ती दुसऱ्याला जे देत होती, ते देताना आपणच पहिल्यांदा ऐकत आहोत असं तिला वाटे.

हेडसर परतले तेव्हा कमलाबाईंनी त्यांना सगळं सांगितलेलं होतं. ते रागावले नाहीत. पुन्हा पंखा तिच्याकडे वळवला, डिसेंबर होता तरी.

"तुमच्या मनात काही नाही हे मला माहीत आहे, सरोजिनीबाई. पण मी आजारी असताना माझ्या शाळेत हे व्हावं याचं वाईट वाटलं."

"काय झालं, सर? मी त्यांना शिकवलं."

"तेच. शिकवायचं होतं मी." ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "तो उद्या पुरुषांच्यात वावरणार. एका बाईने घडवलेला मास्तर, असं त्याला चिकटलं तर त्याचंच नुकसान. त्याच्या लोकांना आधीच काय कमी ऐकावं लागतं? तुम्ही त्याचं भलं बघा."

जानेवारीपासून तिची आठवी तळमजल्यावर गेली. तिथल्या भिंती दगडी होत्या. पहिल्या दिवशी तिने वर्गाला प्रश्न घातला, थांबली, आणि पलीकडून काही येईल म्हणून कान देऊन राहिली. काहीच आलं नाही. नळाचं पाणी वाहत होतं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

मार्चमध्ये गमऱ्याचा शेवटचा पाठ झाला. कॉलेजातून परीक्षक आले होते. ती कामाच्या निमित्ताने वर गेली आणि जिन्याच्या वळणावर उभी राहिली. पाठ सुंदर झाला. तो कुठेही घाई करत नव्हता. प्रश्न घालून तो थांबला तेव्हा ती शांतता थेट जिन्यापर्यंत आली आणि तिच्याभोवती उभी राहिली. बाहेर येताना परीक्षक म्हणाले, "खानविलकर, तुमचा हात दिसतो हं पोरावर." हेडसर हसले, "मी काय, त्याचीच मेहनत." गमरे त्यांच्या मागे होता. त्याची नजर वळणावर गेली. त्याने तोंड उघडलं. तिने नकळत 'नको' म्हणून मान हलवली, इतकी हलकी की त्याला दिसली की नाही हेही तिला कळलं नाही; आणि त्याने तोंड मिटलं. ती मान आपण का हलवली, हे ती पुढे पुष्कळ दिवस स्वतःला विचारत राहिली.

मे महिन्यात गमरे तिच्या घरी आला. गिरगावात, भर सकाळी, आईला बरोबर घेऊन. सुंदराबाई ठेंगणी, भरड लुगड्यातली, दारातच थांबली. "आत या," सरोजिनी म्हणाली, पण ती आली नाही, म्हणाली, "हितंच बरं हाय बाय, वारा येतुया." वडिलांनी आरामखुर्चीतून पेपर खाली केला आणि पुन्हा वर धरला. सरोजिनीने दारात चटई टाकली आणि आधी स्वतः बसली, तेव्हा सुंदराबाईही बसली.

"शाळेने मला घेतलंय," गमरे उभ्याउभ्याच म्हणाला. "आठवी ते अकरावी, सगळं गणित."

तिला आधीच कळलं होतं. वरच्या वर्गांना पुरुष शिक्षक बरा, इन्स्पेक्टरचंही तेच मत, खालचे वर्ग तुम्ही मायेने सांभाळाल, असं हेडसर म्हणाले होते. तिच्याकडे पाचवी ते सातवी राहिली होती.

"नाही म्हणू का, बाई? तुम्ही सांगाल तसं."

त्याच्या वडिलांचा, बुधाजींचा, दमा एवढ्यात वाढला होता. गिरणीत ते फार दिवस टिकणार नव्हते. हे तो बोलला नाही, सुंदराबाई बोलली. सरोजिनीला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. समोरचा माणूस तिचे वर्ग घेऊन चालला होता, आणि तिने आयुष्यात शिकवलेला सर्वांत चांगला विद्यार्थी तोच होता.

"हे तुम्ही मला विचारू नका," ती म्हणाली. "नोकरी घ्या. ती तुमची आहे. पण ते वर्ग माझे होते. हे तुम्ही विसरलात तर मला चालणार नाही."

"नाही विसरणार."

"आणि मी मान हलवली म्हणून तुम्ही तेव्हा गप्प राहिलात का?"

"नाही बाई," तो म्हणाला. "मला भीती वाटली."

सुंदराबाईने जाताना तिच्या पायाला हात लावला. सरोजिनीने तिचे हात धरले. ती दोघं वाडीतून दिसेनाशी झाल्यावर वडील म्हणाले, "कोण होता तो?"

"माझा विद्यार्थी."

"एवढा मोठा?" वडील म्हणाले आणि पेपरात गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. गमरे वरच्या मजल्यावर होता, ती तळमजल्यावर. गेल्या वर्षीची सहावी आता सातवी होऊन तिच्याकडे आली होती. पहिल्या आठवड्यात तिने फळ्यावर व्याजाचं उदाहरण लिहिलं, आणि हात वर झाले तशी म्हणाली, "थांबा. उत्तर नको." पुढच्या बाकावरच्या अंबिका नावाच्या मुलीने शेजारणीला कोपर मारलं आणि दोघी हसल्या.

"काय झालं?"

अंबिका उठून उभी राहिली. धीट मुलगी होती. "काही नाही, बाई. तुम्ही अगदी गमरेसरांसारखं शिकवता."

"म्हणजे कसं?"

"तेपण असंच थांबवतात. असंच म्हणतात, उत्तर नको." बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. त्यांना ते आवडलं होतं. बाईंची त्यांनी स्तुती केली होती. खिडकीबाहेर रस्त्यावर कुठल्यातरी सभेचा लाऊडस्पीकर तपासत होते, हॅलो, हॅलो, आणि त्या दोन शब्दांमध्ये वर्ग तिच्याकडे बघत होता. तिने खडू खाली ठेवला. हे आत्ता गिळलं तर नेहमीसारखंच गिळलं जाईल, हे तिला दिसलं.

"गमरेसर माझ्याकडून शिकले," ती म्हणाली.

मग मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळा वर्ग हसला. बाई कधी विनोद करत नसत, म्हणून तो त्यांना फारच आवडला. अंबिका तोंडावर हात दाबून खाली बसली.

सरोजिनी ते हसणं संपायची वाट बघत उभी राहिली. मग 'गमरेसर माझ्याकडून शिकले' हे वाक्य तिने पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने.